भाड्याची गाडी ट्रॅकवर नेऊ का?

प्रश्न : नवशिक्यांच्या ट्रॅक डेला जायचंय. स्वतःची गाडी झिजवण्यापेक्षा पुण्याहून सेल्फ-ड्राइव्ह गाडी भाड्याने नेली तर? आपल्या व्हीआरडीईच्या ट्रॅकवर सोय होते का?
– एक वाचक, सावेडी, अहिल्यानगर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे : नाही. व्हीआरडीईचा वाहननगरचा ट्रॅक संरक्षण खात्याच्या संस्थेचा, वाहनांच्या चाचण्यांसाठीचा. तिथे हौस भागत नाही.

सेल्फ-ड्राइव्हची गाडी तर मुळीच नेऊ नका. भाडेकरारात शर्यतीला बहुधा मनाई असतेच, आणि वाहन विम्यातही संघटित शर्यत व वेगचाचणी वगळलेली असते. गाडी ठोकली तर अनामत जाईलच, वर दुरुस्तीचं बिलही तुमच्याच गळ्यात.

भाड्याचीच हवी, तर ट्रॅकवर शिकवणाऱ्या शाळेची घ्या. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे जेमतेम 2.1 किलोमीटरचा, नवख्याला मला तोच बरा वाटतो. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा 3.7 किलोमीटरचा आहे. पैसे भरण्याआधी लेखी घ्या : नुकसान झाल्यास तुमच्यावर जास्तीत जास्त किती, आणि टायर-ब्रेकपॅडची झीज कोणाच्या खात्यात? ‘बघू नंतर’ म्हणणाऱ्याची गाडी घेऊ नका.

ट्रॅकवर उतरल्यावर एक लक्षात ठेवा : काही जोरदार फेऱ्यांनंतर ब्रेक ऑइल तापून पेडल मऊ लागू लागतं. लगेच वेग उतरवा, एक फेरी सावकाश, शक्यतो ब्रेक न वापरता मारा. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका; गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली ठोकळा लावा.

आणि एवढा प्रवास करण्याआधी कोल्हापुरात मोहितेंच्या रेसिंग ट्रॅकवर गो-कार्ट चालवता येते का, ते फोन करून विचारा.