विहिरीच्या काठावरील पंप आणि पाण्यातील पंप

उन्हाळा कडक झाला की घरच्या विहिरीवरील पंप एखाद्या सकाळी निरुपयोगी ठरतो. मोटार फिरते, आवाजही नेहमीचाच येतो. नळाला मात्र थेंब नाही. विहिरीत डोकावले तर पाणी स्पष्ट दिसते! घरधनी पंपात पाणी भरून पाहतो, तळची झडप बदलतो, अखेर अधिक अश्वशक्तीची मोटार आणतो. तीही नुसती फिरत राहते. हा खर्च व्यर्थ होय, कारण उणीव शक्तीची नसतेच.

काठावरचा पंप पाणी ओढून घेतो असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः पंप नळातील दाब तेवढा कमी करतो; पाण्याला वर ढकलण्याचे काम विहिरीतील पृष्ठभागावर भार टाकणारी बाहेरची हवा करते. ठराविक उंचीपलीकडे पाणी न चढविणाऱ्या अशाच एका पंपाची हकीकत गॅलिलिओच्या १६३८ मधील ग्रंथात आहे. तिचे खरे कारण मात्र त्याला उमगले नव्हते. हवेलाही वजन आहे व तेच नळीतील पारा तोलून धरते, हे टोरिचेलीने १६४४ सालच्या पत्रात मांडले. समुद्रसपाटीवर हवा सुमारे ७६ सेंटिमीटर पारा तोलते. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. म्हणून पाण्याच्या बाबतीत ही उंची सुमारे १०.३ मीटर भरते.

ही झाली हिशेबातील मर्यादा. नळातील घर्षण, पाण्याची वाफ आणि सांध्यांतून शिरणारी हवा यांमुळे व्यवहारात सात मीटरपर्यंत मजल गेली तरी पुष्कळ झाले. उंचावरील गावी हवा विरळ असते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच. तेथे मूळची मर्यादाच सव्वानऊ मीटरांच्या आसपास येते. पाण्याची पातळी याखाली गेली की कितीही मोठी मोटार हवेचा भार वाढवू शकत नाही.

पंपच विहिरीच्या आत मचाणावर उतरविणे हा जुना उपाय. परंतु पावसाळ्यात पाणी चढले की मोटार बुडते. काही ठिकाणी तेलाचे इंजिन आत उतरवितात. त्याच्या धुरातील विषारी वायू विहिरीत कोंडून माणसे दगावतात. हा मार्ग सर्वस्वी त्याज्य मानावा.

सबमर्सिबल पंप पाण्यातच राहतो व पाणी खालून वर ढकलतो. त्यामुळे हवेच्या दाबाची अट उरत नाही आणि दरवेळी पंप भरण्याचा त्रासही संपतो. एका दांड्यावर अनेक पंखे एकापुढे एक बसविलेले असतात. प्रत्येक पंखा दाबात आपली भर घालतो. उंचीचे मोल मात्र विजेत मोजावे लागते. सेकंदाला एक लिटर पाणी ३० मीटर चढविण्यास केवळ उचलण्यापुरतीच सुमारे २९५ वॅट शक्ती लागते. पंप व मोटार मिळून एकतृतीयांश शक्तीच कामी आली, तर विजेचा भार नऊशे वॅटांच्या जवळ जातो.

खरेदी करताना एक भेद बहुधा विसरला जातो. बोअरवेलसाठीच्या लांबट पंपात मोटार तळाशी असते आणि तिला घासून जाणाऱ्या पाण्याने ती थंड राहते. रुंद विहिरीत पाणी चहूबाजूंनी थेट पंपात शिरते; मोटारीभोवतीचे पाणी हलत नाही आणि ती तापून जळते. अशा ठिकाणी उघड्या विहिरीसाठी बनविलेला पंप घ्यावा, किंवा मोटारीभोवती नळीचे आवरण घालावे. पंप मजबूत दोराला टांगावा, विजेच्या तारेला कदापि नव्हे. गाळ आत जाऊ नये म्हणून तळापासून थोडा वर ठेवावा. भूयोजन आणि ३० मिलिअँपिअर गळतीला प्रवाह तोडणारा स्विच अत्यावश्यक आहेत. मुख्य प्रवाह बंद केल्याखेरीज कोणी पाण्याला हात लावू नये.

नवा पंप झऱ्याची आवक मात्र वाढवीत नाही. दोन मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर खोलीत सुमारे ३,१४० लिटर पाणी मावते. सेकंदाला एक लिटर उपसणारा पंप, आवक नसेल तर, ते तासाभराच्या आतच संपवितो. जुना पंप पातळी उतरताच थांबत असे आणि खालचे पाणी शिल्लक राही; नवा पंप तेही घेतो व मग कोरडा फिरून जळतो. म्हणून भर उन्हाळ्यात विहीर उपसून ठराविक वेळात पाणी किती चढते ते मोजावे, त्या मानाने लहान पंप निवडावा, आणि पाणी पंपाच्या तोंडाशी येण्यापूर्वीच मोटार बंद करणारा तरंगता स्विच जोडावा.