मावळची वसाहत आणि मॅसॅच्युसेट्सची वसाहत : एक तुलनात्मक पाठ

अमेरिकेतील इंग्रजांच्या आरंभीच्या वसाहतींचा पाठ शिकविताना आंदर मावळातील मुलांपुढे ‘वसाहत’ हा शब्द बहुधा पोकळच राहतो. अटलांटिक महासागर त्यांनी पाहिलेला नसतो. परंतु पडीक रान लागवडीस आणणे म्हणजे काय, हे टाकवे, वडेश्वर वा खांडी येथील मुलास निराळे समजावून सांगावे लागत नाही. म्हणून शिक्षकाने पाठाचा आरंभ मावळापासूनच करावा.

फळ्यावर १६३० हे साल लिहावे. त्या साली जॉन विन्थ्रॉप याच्या नेतृत्वाखाली सुमारे १,००० इंग्रज मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरले. पहिला हिवाळा सरेपर्यंत त्यांतील सुमारे २०० दगावले. त्याच साली दख्खनमध्ये भीषण दुष्काळ सुरू झाला. दुष्काळ व लढाया यांच्या तडाख्यात पुणे प्रांत ओस पडला. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार पाहताना दादोजी कोंडदेव यांनी रयतेस कौल देऊन मावळखोऱ्यांत लागवड वाढविली. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, आणि मग दरसाल वाढवीत तो पुऱ्या आकारावर आणावयाचा, या पद्धतीस इस्तावा म्हणत. कोरड्या जमिनीला पहिल्या वर्षी काय झेपेल, याचा त्यात विचार होता. रानात लांडगे माजले होते. ते मारणाऱ्यास इनाम दिल्याचे बखरीत सांगितले आहे. मौज अशी, की मॅसॅच्युसेट्समध्येही १६३० सालीच लांडगा मारणाऱ्यास बक्षीस ठरले, आणि त्याचा भार गुराढोरांच्या मालकांवर टाकला गेला!

कारभाराकडे वळताना अधिक सावधपणे बोलावे. मावळात शिवेचा वा वतनाचा तंटा पडला, की देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी व बलुतेदार गोतसभेत बसत. निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर पाटील नांगराची आणि इतर आपापल्या हत्याराची निशाणी करीत. मॅसॅच्युसेट्समध्ये १६३४ पासून प्रत्येक गाव आपले प्रतिनिधी वसाहतीच्या सभेस पाठवू लागले. दोन्हीकडे माणसे एकत्र बसत, एवढ्यावरून दोन्ही एकच, असे मात्र सांगू नये. गोतसभेतील स्थान वतनाने मिळे, तेथील मत चर्चच्या सभासदत्वाने. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मोलाची मानली जाई. त्याला बसावयास मात्र सर्वांबरोबर जागा नसे. स्त्रियांना तिकडे मत नव्हते.

एक भेद मुलांना अवश्य सांगावा, कारण पाठ्यपुस्तकांत तो पुष्कळदा एका वाक्यात उरकला जातो. मावळात कौल दिला गेला तो मुख्यतः उजाड झालेल्या मुलखातील रयतेला. मॅसॅच्युसेट्सच्या भूमीवर तेथील मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या मक्याची शेती करीत होते. १६१६ नंतरच्या साथींनी त्यांची गावे रिकामी झाली, आणि नव्या वसाहतवाल्यांनी तीच साफ केलेली शेते धरली. ती जमीन कोणाची होती, हा प्रश्न वर्गात विचारावा व उत्तरास वेळ द्यावा.

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमान्वये आज ग्रामसभेस गावच्या सर्व मतदारांना, स्त्री-पुरुष दोघांनाही, बसण्याचा हक्क आहे. पुढील ग्रामसभेस सातवीची मुले नेऊन कोण बोलले व कोण नुसतेच बसून राहिले, याची नोंद त्यांच्याकडून वहीत करवून घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी ती वर्गात वाचून दाखवावयास सांगावी.