खानदेशांतील परसांत आल्याच्या कुळांतील फुलझाडें

आलें व हळद यांना आपण पीक म्हणून ओळखतों; परंतु त्यांच्याच कुळांतील सोनटक्का, भुईचांफा व रानहळद हीं झाडें केवळ शोभेसाठीं परसांत लावण्याजोगीं आहेत. कोंकणांत तीं फारशा श्रमाविना वाढतात. आपल्याकडे मात्र वर्षाचा पाऊस जळगांवाकडे सुमारें २८ इंच, धुळ्याकडे त्याहूनही कमी. आणि वैशाखांत उष्णमान ४४-४५ अंशांपर्यंत चढतें. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यांतसुद्धां विहिरींचें पाणी खोल गेलें आहे. अशा मुलखांत फुलझाडांवर पिण्याचें पाणी खर्चणें योग्य नव्हे. म्हणून झाड निवडतांना तें उन्हाळा कसा काढतें, हें प्रथम पाहावें. या दृष्टीनें त्यांचे दोन वर्ग पडतात.

पहिला वर्ग निजणाऱ्या कंदांचा. भुईचांफा, रानहळद व घरची हळद यांचीं पानें हिवाळ्यांत वाळून जातात आणि कंद जमिनींत स्वस्थ राहतो. त्या काळांत पाणी नको; दिल्यास कंद कुजण्याचें भय असतें. भुईचांफ्याचीं पांढरीं-जांभळीं सुवासिक फुलें उन्हाळ्यांत, पानें नसतांनाच, जमिनींतून वर येतात. पानें मागाहून फुटतात. रानहळदीचे पिवळ्या फुलांचे व जांभळट शेंड्याचे तुरे पावसाळ्यांत शोभतात. तिचे कंद रानांतून उपटून आणूं नयेत, रोपवाटिकेंतून घ्यावे. घरची हळद आखाजीनंतर कुंडींत लावल्यास पानांची शोभा मिळते व आठ-नऊ महिन्यांनीं हळकुंडेंही हातीं येतात.

दुसरा वर्ग सोनटक्क्याचा. यास बारमाही ओल लागते. मोरीचें पाणी जेथें वाहून जातें, तेथेंच तो लावावा. मात्र धुण्याच्या सोड्याचें पाणी काळ्या जमिनीस घातक; भाजी व धान्य धुतलेलें पाणीच त्याकडे वळवावें. दुपारचें ऊन टाळणारी, भिंतीच्या पूर्वेची जागा उत्तम.

आपल्या काळ्या मातींत पाणी सांचतें. यास्तव एक फूट खोल खड्डा घेऊन माती, वाळू व कुजलेलें शेणखत समभाग मिसळावें आणि वाफा भोंवतालच्या जमिनीहून उंच ठेवावा. दोन-तीन डोळे असलेला कंदाचा तुकडा सुमारें दोन इंच खोल, मृगाच्या पावसावर लावावा. सोनटक्क्याचा एक दांडा एकदांच फुलतो. फुलें संपतांच तो बुडाशीं कापावा, म्हणजे नव्या फुटव्यांस जोर येतो. दर तीन वर्षांनीं बेट खणून विरळ करावें.

सोनटक्क्याचीं फुलें सायंकाळीं उमलतात. तीं पूजेस व वेणीस उपयोगी. हळदीच्या पानांत कोंकणांत पातोळे उकडतात. आपल्याकडेही तें करून पाहण्यासारखें आहे. परंतु या कुळांतील प्रत्येक कंद खाण्याचा नव्हे. कंद दिसावयास सारखे असतात, म्हणून प्रत्येक कुंडीवर नांव लिहून ठेवावें.

शेवटीं एक सूचना. जादा कंद नाल्यांत फेंकूं नयेत. हवाई बेटांत व ब्राझीलमध्यें सोनटक्का ओढ्यांकांठीं माजून तेथील मूळच्या वनस्पतींस डोईजड झाला आहे. जादा बेणें शेजाऱ्यास द्यावें. ज्यांच्याकडे सांडपाणी नाहीं, त्यांनीं सोनटक्क्याचा हट्ट सोडून भुईचांफ्याची एक कुंडी ठेवावी.