दिल्लीत नाटक करायचं तर

१. आधी हिंदी घासूनपुसून घ्या. मुंबईहून नोएडात आलेला मराठी मुलगा 'मेरेको जाना है' म्हणाला की तालमीत हशा पिकतो आणि त्याच्या वाट्याला विनोदी नोकर येतो. नुक्ता, ऱ्हस्व-दीर्घ, वाक्याचा हेल, सगळंच बसवावं लागतं. सांगलीच्या उत्तरा बावकर १९६८ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून बाहेर पडल्या आणि १९८४ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो हिंदी रंगभूमीवरच्या अभिनयासाठी. म्हणजे जमतं.

२. आईचं काम आलं म्हणून रुसू नका. आमच्या हौशी ग्रुपात पन्नाशीतल्या बाईलाही सासू नको असते! 'तुघलक'मध्ये मनोहर सिंग सुलतान आणि उत्तराताई त्याची सावत्र आई; प्रत्यक्षात त्या मनोहर सिंगांहून लहान. त्याच बाई 'ऑथेल्लो'त डेस्डेमोना, 'मेना गुर्जरी'त मेना. केसांना पांढरा रंग कुणीही फासेल. वय आवाजात आणि बसण्या-उठण्यात यावं लागतं, त्याला वर्षं जातात. नाट्य विद्यालयाच्या रेपर्टरीत, म्हणजे पगारी नाटकमंडळीत, ती वर्षं मिळायची, आपल्याला शनिवार-रविवार मिळतात.

३. तालमीनंतर बंगाली मार्केटात चहा घ्या, वाद घाला. पण मंडी हाऊसची शेवटची मेट्रो चुकवू नका.

४. आपली नाटकं हिंदीत न्या. जयवंत दळवींचं 'संध्याछाया' उत्तराताईंनी १९७८ मध्ये दिल्लीत हिंदीतून बसवलं. मुलांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलं म्हातारं जोडपं! आम्ही सोसायटीच्या हॉलमध्ये त्यातले दोन प्रवेश केले, तेव्हा पुढच्या रांगेतले एक पंजाबी काका मध्येच उठले. नाटक आवडलं नसेल, असं वाटलं. बाहेर जाऊन पाहिलं, तर जिन्याशी उभे राहून कॅनडातल्या मुलाला फोन लावत होते. तिकडे पहाट होती.

५. कॅमेऱ्यासमोर नाटकातला आवाज नको. मृणाल सेन यांच्या 'एक दिन अचानक'मध्ये डॉ. लागूंचा प्राध्यापक पावसात घराबाहेर पडतो आणि परतत नाही. मागे राहिलेली बायको उत्तराताईंनी केली आणि सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. नाट्यगृह दणाणून सोडणाऱ्या नटांनी हे काम दोनदा पाहावं.

उत्तराताई एप्रिल २०२३ मध्ये पुण्यात गेल्या. त्यांचं मराठीतलं काम पाहिलं नसेल, तर सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांच्या 'दोघी'पासून सुरुवात करा.