आधी मनगट दाखव

धरमपेठ, नागपूर
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

चि. चिऊस,


खुशाली विचारत नाही, कारण ती कशी आहे ते मला कळलंय. तुझ्या आईनं सांगितलं नाही, ती सांगणारही नाही. मधली काकू पुण्याच्या लग्नाहून परवा आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "चिऊच्या हातून भरला कप सुटला ना बाप्पा, भर मांडवात. म्हणे ओला होता." काकूच्या बातमीतलं निम्मं सोडून द्यायचं असतं हे आपल्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे, म्हणून मी चहा टाकायला आत गेले. मागून तिचं पुढचं वाक्य आलं, "अन् रात्री उठून उठून हात झटकून राहिली होती." हे काकूला रचता यायचं नाही. कारण असं हात झटकणं आपल्या घरात फक्त मी पाहिलंय.

तेव्हा आधी एवढंच सांग, मुंग्या कोणत्या बोटांना येतात? अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू बधिर होते आणि करंगळी ठणठणीत राहते, असं असेल तर मनगटातून बोटांकडे जाणारी नस दबते आहे. त्याला कार्पल टनेल म्हणतात, हे तुला गुगलनं सांगितलंच असेल आणि तू ते वाचून मोबाईल उलटा ठेवला असशील. रात्री ते वाढतं, कारण झोपेत मनगट दुमडलेलं राहतं. डॉक्टर नसेची तपासणी करतात, रात्री मनगट सरळ राहावं म्हणून पट्टा देतात, आणि वेळेत गेलं तर बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. वेळेत, असं लिहिलंय मी. अंगठ्याखालचा मांसल भाग सुकायला लागल्यावर नाही. शिवाय थायरॉईडनंही हे होतं. आपल्याकडे ते तुझ्या आजीला होतं, मला आहे, म्हणून रक्तही तपासून घे.

दिवसभर लॅपटॉप आणि रात्री क्रोशा. मनगट एकच आहे ना तुझं? त्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वाणासाठी दीडशे कोस्टर, असं तूच मला मोठ्या आनंदानं कळवलं होतंस. तेव्हा मीही 'वा वा' म्हटलं. आता म्हणत नाही.

आणि ती विणकामाची गुलाबी पेटी! फोटो पाठवला होतास तो मी चष्मा लावून नीट पाहिला. केवढं सामान, केवढे रंग. त्यात तुझ्या हाताला आराम देईल अशी वस्तू शोधत होते, एक सापडेना. क्रोशाच्या सुया सगळ्या बारीक दांड्याच्या, नुसत्या अॅल्युमिनियमच्या. दांडा जितका बारीक तितकी चिमूट आवळून धरावी लागते, आणि रात्रभर आवळलेल्या चिमटीची वसुली मनगट करतं. रबरी मुठीची सुई मिळते, ती घे. तोवर शाळेतल्या पोरांच्या पेन्सिलीला लावतात ती रबरी पकड दांड्यावर चढव. चालते. आणि तू सुई पेन्सिलीसारखी धरतेस, तर मधून मधून भाजी चिरताना सुरी धरतो तशी धरून बघ. आधी टाके वेडेवाकडे येतील, पण जोर दुसऱ्या स्नायूंवर जाईल.

पेटीतल्या त्या बंद रिंगा टाक्यांच्या खुणेसाठी दिल्या आहेत. दोन सुयांच्या विणकामात त्या ठीक, एका सुईवरून दुसरीवर सरकतात. क्रोशात त्यांचा काय उपयोग? एकदा टाक्यात घातली की ती विणीतच अडकली, कात्रीशिवाय निघत नाही. क्रोशाला उघडझाप होणारी खूण लागते. आम्ही छोट्या सेफ्टी पिना लावायचो, पितळी, गंजत नाहीत त्या. फिरकी फिरवून ओळी मोजायचं यंत्र आहे, ते ठेव. पण प्रत्येक ओळीला ते फिरवायचं लक्षात राहिलं तर! तुझं लक्ष मला माहीत आहे. दहा ओळींनी वेगळ्या रंगाचा धागा आडवा घातलास तर तो विसरत नाही, आणि पुढे काही चुकलं तर तिथपर्यंतच उसवावं लागतं.

उसवण्याचं दुःख तुला नको तेवढं होतं, लहानपणापासून. हातही त्यामुळेच जातो. चूक उशिरा दिसते, मग रात्री दोन वाजता सगळं पुन्हा. चूक लवकर दाखवणाऱ्या या फुटकळ वस्तूंवर पैसे घाल, पोरी. मला त्या पेटीचा राग त्यात हे नाही म्हणून आहे, बाकी तुझी हौस मला कळते. मलाही होती.

तुझ्या आजीचं सांगते. बासष्टच्या लढाईत देशभर बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. मी लहान होते. आमच्या ओसरीवर शेजारपाजारच्या सगळ्या जमायच्या, खाकी आणि राखाडी लोकर, आणि आईच्या लांब स्टीलच्या सुया. लोकर लडीत यायची. ती माझ्या दोन्ही हातांवर चढवून आई गुंडा करायची, तो सैलच, चार बोटांवरून गुंडाळत, कारण ताणून गुंडाळली की लोकर आपला फुगवटा सोडते आणि धुतल्यावर स्वेटर आकसतो. तुझ्या हातांवरही मी लडी चढवली आहे, तू पाच मिनिटांत हात खाली सोडायचीस. लढाई संपली पण विणणं थांबलं नाही. घरच्यांचे, नात्यातल्यांचे, मग ऑर्डरी. दर हिवाळ्याला रात्री पाणी प्यायला उठले की आई गादीवर बसून हात झटकताना दिसायची. मी म्हणायचे, थंडी वाजते आहे. ती पण तेच म्हणायची. मी कॉलेजात गेले त्या वर्षी मासिकात आलेला पेडाच्या विणीचा कार्डिगन मला हवा झाला, आणि तो तिनं केला. पेड म्हणजे टाके एकमेकांवरून ओलांडून न्यायचे, त्याला मधे वाकलेली छोटी सुई लागते. आमच्याकडे ती नव्हती. आईनं मोडक्या सुईच्या तुकड्यावर सगळे पेड घातले. तो सारखा निसटायचा आणि ती चिमटीत दाबून धरायची. किती मिरवला मी तो कार्डिगन. पुढं तिला वाटीतलं मीठसुद्धा चिमटीत धरता येईना, तेव्हा कुठे दवाखाना.

बघ, मी पुन्हा तिथंच आले. दाखवलास का हात?

लांब सुयांचं निघालंच आहे तर हेही ऐक. तू दादाचा मफलर विणतेस ना, चौदा इंची सुयांवर? सगळं वजन सुयांच्या टोकाला लटकतं आणि दोन्ही मनगटं ते तोलत बसतात. वायरनं जोडलेल्या गोल सुया घे. त्यांच्यावर सपाट वस्तूही विणता येते, ओळ संपली की उलटून परत यायचं, एवढंच. विणलेलं मांडीवर पडून राहतं, हातात फक्त टोकं. सीताबर्डीतल्या दुकानांतही मिळतात आता. माझ्या वेळी मागितल्या असत्या तर दुकानदारानं इलेक्ट्रिकच्या दुकानाकडे बोट दाखवलं असतं.

सुई मागवताना नंबरावर जाऊ नकोस, मिलिमीटर बघ. आपल्याकडे इंग्रजांच्या वेळचे नंबर चालतात, त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकन नंबर उलटे चढतात, त्यांची ८ नंबर ५ मिलिमीटरची. तू नमुने उतरवतेस अमेरिकन बायकांचे आणि सुया घेतेस इथल्या, मग तुझ्या बाबांची टोपी बाळाच्या डोक्याला बसते. भोकांची एक पट्टी मिळते, सुई ज्या भोकातून अडखळत जाते तो तिचा नंबर. गुलाबी पेटीत तेवढी एक गोष्ट बरी आहे. आणि कुठलंही मोठं काम काढण्याआधी त्याच धाग्याचा, त्याच सुईचा १० सेंटिमीटरचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मोज. कापडी टेपनं मोजू नकोस, जुना झाला की तो ताणतो. स्टीलची पट्टी घे.

तुझी ती बाहुल्याही करायची टूम. सुंदर होतात, ससा तर मी देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय. पण मागून चकती दाबून बसवायचे प्लॅस्टिकचे डोळे तू सगळ्यांनाच लावतेस. तीन वर्षांखालच्या बाळासाठी कुणी मागितलं तर डोळे धाग्यानंच भर. चकती कितीही घट्ट बसली तरी वीण ढिली होते, आणि ती पोरं सगळं तोंडात घालतात.

किती बोलले मी. चहा गार झाला.

तुझ्या आईला वाटतं मी तुला हे सोडायला सांगेन. ती फोनवर हळूच म्हणाली, "वन्सं, तुम्हीच समजवा, नोकरी चांगली आहे तिची." मी काही बोलले नाही. काय सांगू तिला? मला बर्डीवर लोकरीचं दुकान काढायचं होतं. नुसतं दुकान नाही, मागच्या खोलीत बाकडी टाकून बायकांना शिकवायचं, सुया, लोकर, पिना, सगळं एका जागी. जागा बघितली होती. घरातले वडीलधारे अण्णा म्हणाले, "नागपुरात आठ महिने ऊन, लोकर कोण घेतं?" त्यात चूक काय काढणार? हिवाळ्यात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागू लागली, तिकडे गोठणगावला त्यांची वसाहतच झाली. लुधियानाचा यंत्रावर विणलेला माल, स्वस्त, रंगीत. हातच्या स्वेटरला गिऱ्हाईक उरणार नाही असं सगळेच म्हणाले, मलाही पटलं. पटवून घेतलं म्हण. पण २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपूरचा पारा साडेतीन अंशांवर उतरला, तेव्हा तुझ्या बाबानं कपाटातून काढला तो आईचाच राखाडी स्वेटर. कोपरं विरलेली, तरी अंगातून काढेना. त्या दिवशी मला त्या मागच्या खोलीची फार आठवण आली.

म्हणून तू पहिल्या ऑर्डरीचे पैसे आले म्हणून फोन केलास ना, तेव्हा मी फार बोलले नाही. रागावले असं तुला वाटलं. मला बोलवेना.

तू विणणं सोडू नकोस. माझं ऐकून तर मुळीच नाही. चांगले पैसे घे, धाग्याच्या किमतीचे नव्हे, हाताच्या वेळेचे घे. लोक म्हणतील, एवढुसं तर आहे. म्हणू देत. अर्ध्या तासानं उठ, बोटं पसर, मुठी उघड-मीट कर, खिडकीशी जाऊन ये. दिवा डाव्या खांद्यावरून येऊ दे, काळा धागा रात्री हातात घेऊ नकोस. आणि बधिर झालेल्या हातानं एकही ओळ ओढायची नाही, संक्रांत असो की आणखी काही.

दीडशेतले किती झाले? साठ-पासष्ट झाले असतील तर उरलेले माझ्याकडे दे. नाही म्हणू नकोस, माझा हात अजून चालतो आणि दुपारी मला झोप येत नाही. धागा इथं मिळेल, पण रंग जुळायचा नाही, एकाच रंगाच्या दोन खेपांतही फरक पडतो, म्हणून तुझ्याकडचाच पाठव, लेबलासकट. त्याबरोबर झालेला एक गोल पाठव, धुऊन वाळवलेला. तू आवळून विणतेस, माझा हात सैल आहे. तू ३ ची सुई वापरत असशील तर मला पावणेतीनची नाहीतर अडीचची घ्यावी लागेल. दोन्ही घालून बघते, तुझ्या गोलावर ठेवून मापाला बसेल ती धरते. वाण घेणाऱ्या बायकांना कळायचं नाही कुठला कुणाचा.

सोबत एक पुडकं धाडते आहे. पितळी पिना आहेत, बोथट टोकाच्या दोन सुया आहेत शेवटचे धागे आत ओवायला, आणि पेडाची वाकडी सुई. ती मी आईसाठी घेतली होती, उशिरा. तुला पेड येत नाहीत, मला माहीत आहे. जानेवारीत महाराष्ट्र एक्स्प्रेसनं येते, तेव्हा शिकवीन. संत्री आणू का? आंबट असतात म्हणून मागच्या वेळी तोंड वाकडं केलं होतंस.

डॉक्टरकडे सोमवारी जा. एकटीनं जायचं नसेल तर तसं कळव, मी आधीच निघते.

तुझी,
आत्या