आतडे ‘गळते’ म्हणजे काय?

प्रश्न : मिसळ खाल्ली की पोट फुगते. आतडे ‘गळते’ म्हणे! गहू सोडून ते बुजवणारी महागडी पावडर घ्यावी का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घाबरू नका. आतड्याचे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते. त्यातून थोडे झिरपणे स्वाभाविकच. सीलिॲक (गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार), क्रोन्स (आतड्याचा दीर्घकालीन दाह) अशा आजारांत, तसेच मद्य वा काही वेदनाशामक गोळ्यांनी ते वाढते. पण ‘गळके आतडे’ हा स्वतंत्र आजार मानला जात नाही आणि पावडरीने ते बुजते याला भक्कम पुरावा नाही. गहू सोडून काहींना बरे वाटते हे खरे. मात्र तपासणीआधीच सोडल्यास सीलिॲकचे निदान हुकू शकते. तुमचे पोट बहुधा मटकी आणि तेलाच्या कटाने फुगत असावे. प्रमाण कमी करा. ज्वारीची भाकरी, भाज्या हळूहळू वाढवा. शौचातून रक्त, घटते वजन किंवा सततचे जुलाब असतील, तर पोटविकारतज्ज्ञांना लगेच दाखवा.