उशिरा ऐकू येणारा बोल

घरच्या संगणकावर तबला ध्वनिमुद्रित करताना हेडफोनमधून स्वतःचाच बोल किंचित उशिरा ऐकू येतो. हा दोष वादकाच्या हाताचा नव्हे, एवढेच मला येथे मांडावयाचे आहे.

संगणक ध्वनीचे सेकंदाला बहुधा ४४,१०० नमुने घेतो. परंतु ते सुटे न हाताळता त्यांचे गठ्ठे बांधतो. १,०२४ नमुन्यांचा गठ्ठा भरण्यास सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. येताना एक व जाताना एक धरल्यास विलंब ४६ मिलिसेकंदांचा होतो. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून सुमारे १६ मीटर जातो. म्हणजे मांडीपुढचा तबला जणू १६ मीटरवर वाजतो! मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत, मात्रेला चार बोल वाजवले तर दोन बोलांत अंतर उरते सुमारे ६२ मिलिसेकंदांचे. साहजिकच वादक अडखळतो.

गठ्ठा १२८ नमुन्यांचा केल्यास विलंब ६ मिलिसेकंदांपर्यंत उतरतो. मात्र संगणकाची धावपळ वाढून आवाज तुटू, करकरू लागतो. म्हणून मी तबल्याचा आवाज संगणकात शिरण्यापूर्वीच, ऑडिओ इंटरफेसमधून थेट हेडफोनमध्ये घेतो. सॉफ्टवेअरमधून परत येणारा तबला मात्र बंद ठेवावा, नाहीतर प्रत्येक बोल दोनदा ऐकू येतो. संगणकातून केवळ लेहरा ऐकावा.

तात्पर्य, रियाजाला दोष देण्यापूर्वी हा विलंब तपासावा.